कडूकांदाचा मधला काप

"सँपल वरच्या क्रेटमधून घेऊ का मधल्या?" दशरथने विचारलं.

मोखाड्यात एका बचत गटाने प्रयोगासाठी दिलेल्या शेडमध्ये आम्ही उभे होतो. समोर पाचशे लिटरची टाकी. टाकीत एकावर एक रचलेले पाच जाळीचे क्रेट, त्यांत उकडून काप केलेला कडूकांद, म्हणजे रानातला एक कडू कंद, आणि पंपाने खेळवलेलं पाणी. मधला क्रेट काढायचा तर वरचे दोन उचलून बाहेर ठेवायला हवे होते. ओला माल, चांगलाच जड. मला जव्हारची जीप गाठायची होती आणि माझी कंबर सकाळपासून बोलत होती.

"वरच्यातूनच घे," मी म्हटलं. "पाणी सगळीकडे एकच आहे."

त्याने वरच्यातलं घेतलं, पिशवीवर नंबर टाकला. मी सही केली.

पाणी सगळीकडे एकच होतं हे खरं. ते सगळीकडे पोचत होतं का, हे मी पाहिलं नाही. सव्वीस वर्षं या कामात काढलेल्या बाईने असं करावं, याची मला आजही लाज वाटते.

माझं काम केमिकल प्रोसेस डेव्हलपमेंटचं. आधी कारखान्यात, आणि निवृत्तीनंतर मुंबईतल्या एका कॉलेजात एम.टेक.च्या मुलांची गाइड म्हणून. हे नक्की काय असतं, असं लोक विचारतात. मी त्यांना खिचडीचं सांगते. चार माणसांची खिचडी तुम्हाला छान जमते. म्हणून चारशे माणसांसाठी तांदूळ, पाणी, मीठ सगळं शंभरपट घेतलं तर काय होईल? खाली करपेल, वर कच्ची राहील. लॅबमधल्या बीकरमध्ये जमलेली गोष्ट मोठ्या टाकीत न करपवता, न कच्ची ठेवता कशी करायची, ते शोधणं म्हणजे प्रोसेस डेव्हलपमेंट. मोठं करण्याच्या या भागाला आम्ही स्केल-अप म्हणतो. बहुतेक चुका तिथेच होतात.

दशरथ पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरचा. घरची वरईची, नाचणीची शेती. आश्रमशाळा, मग जव्हारला कॉलेज, मग इंजिनिअरिंग, मग आमच्याकडे. पाड्यावरून एम.टेक.ला आलेला पहिला. कमी बोलायचा. हात मात्र असा स्वच्छ की त्याने केलेला प्रयोग मला पुन्हा तपासावा लागायचा नाही. त्याला प्रोजेक्टसाठी सॉल्व्हंट रिकव्हरी हवी होती. म्हणजे कारखान्यात वापरलेलं द्रावक शुद्ध करून परत वापरायचं. नोकरीच्या दृष्टीने शहाणपणाचा विषय.

कडूकांद माझ्या डोक्यातून निघाला. एकदा डबा खायला बसलेलो असताना तो सहज म्हणाला होता, की त्यांच्याकडे रानात एक कांद होतो, तसाच खाल्ला तर माणूस आजारी पडतो, पण बायका तो धुऊन खाण्यासारखा करतात. मी डबा बाजूला ठेवला.

"अरे, मग हाच तुझा प्रोजेक्ट."

"मॅडम, घरचं आहे ते. त्यात काय रिसर्च?"

"घरचं आहे म्हणूनच. सॉल्व्हंट रिकव्हरी दर वर्षी तिघं करतात. हा विषय बघून परीक्षक खुर्चीत सरसावून बसेल."

तो गप्प राहिला. माझ्यासमोर गप्प राहणं म्हणजे हो, असं मी तेव्हा धरून चालायचे.

त्या हिवाळ्यात मी त्याच्या पाड्यावर गेले. त्याची आई, सोनूबाई, पाड्यातली जाणती. इतर बायका कांद धुतला की तो नीट झाला का, ते विचारायला तिच्याकडे यायच्या. तिने मला सगळं करून दाखवलं. कांद राखेच्या पाण्यात उकडायचा. पातळ काप करायचे. ते बांबूच्या टोपलीत भरून, वर दगड ठेवून, टोपली वाहत्या ओहोळात बुडवायची. मध्येच एकदा टोपली काढून पूर्ण उलथवायची, चिकटलेले काप हाताने मोकळे करायचे आणि परत पाण्यात. शेवटी टोपलीच्या अगदी पोटातला एक काप काढून जिभेच्या शेंड्याला लावायचा. जीभ चुरचुरली तर टोपली पुन्हा पाण्यात.

"मधलाच का?" मी विचारलं.

"वरला काप सगल्यांचा गोड आसतो, बाय," ती म्हणाली. "मधला खरा बोलतो."

आणखी एक रीत होती. जिने कांद धुतला तिनेच तो आधी खायचा. मग अंगणातली सावली वीतभर सरकेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. तिला काही झालं नाही तर सगळे जेवायला बसणार. लहान पोरंसुद्धा भुकेली असली तरी थांबत होती. मी वहीत लिहून घेतलं आणि शेजारी कंसात 'रंजक' असं लिहिलं.

लॅबमध्ये चार महिने गेले. अर्धा लिटरचा बीकर, मूठभर काप, तळाशी फिरणारं चुंबक, तीनदा बदललेलं पाणी. कांदात कडू विषारी द्रव्य किती उरलं ते मोजायचं मशीन आमच्याकडे होतं. आकडा दर धुण्याला खाली येत होता, आणि शेवटी मशीनला दिसेनासा झाला. आलेख इतका देखणा की मी तो इतर मुलांना दाखवायचे.

मग एस.ओ.पी. लिहायची वेळ आली. एस.ओ.पी. म्हणजे काम कसं करायचं याची पायरी-पायरीने लिहिलेली यादी. नवख्या माणसानेही ती वाचून काम करावं, अशी. दशरथने ती लॉगबुकमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या वहीत, लिहून आणली. सातवी पायरी: 'अर्ध्या वेळाने क्रेट बाहेर काढून उलथवणे, काप हाताने सुटे करणे.' अकरावी पायरी: 'मधल्या क्रेटच्या मध्यभागातील काप धुणाऱ्या व्यक्तीने जिभेला लावून पाहणे.'

मी लाल पेन काढलं.

"सातवी कशाला? आपल्याकडे पंप आहे. पंप पाणी फिरवतो. हाताने उलथवायचं तर मग प्रोसेस काय डेव्हलप केली आपण?"

"मॅडम, काप चिकटतात."

"बीकरमध्ये चिकटले?"

"नाही."

"आणि ही अकरावी? मशीन असताना जीभ?"

"आई म्हणते..."

"दशरथ, थिसिसच्या शेवटी संदर्भांची यादी असते. त्यात 'आई म्हणते' कितव्या नंबरला टाकू?"

मी हसले. तोही हसला. तो हसला म्हणजे त्याला पटलं, असं मी समजले. दोन्ही पायऱ्यांवर मी आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली. ही सवय मला कारखान्यानेच लावलेली. खोडलं तर सही हवी.

बीकरमधले मूठभर काप चिकटले नव्हते, कारण ते मूठभर होते. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळावं. उकडलेल्या कांदात पिठूळपणा असतो. पाच क्रेट भरून माल एकमेकांवर दाबला की त्याचा गोळा होतो. आणि पाणी आळशी असतं. ते गोळ्यातून वाट काढत बसत नाही, कडेकडेने निघून जातं. आमच्या भाषेत याला चॅनेलिंग म्हणतात. या विषयावर मी दर वर्षी दोन लेक्चर घेत होते.

वरच्या क्रेटचं सँपल लॅबमध्ये आलं तेव्हा त्यात कडू द्रव्य जवळजवळ नव्हतंच. मी खूश झाले. इतकी की पुढच्या आठवड्यात पाड्यावर जाऊन सगळ्यांना खाऊ घालू, असं मीच सुचवलं. कॉलेजची परवानगी फक्त प्रयोगापुरती होती, खाऊ घालण्याची नव्हती. "आपण कुठे विकतोय? घरच्या घरीच तर आहे," असं मी म्हटलं. दशरथने विचारलं, "पाचही क्रेटचं टेस्ट करून घेऊ या का?" तेव्हा मशीनवर दुसऱ्या मुलांचे नंबर लागलेले होते. मी म्हटलं, एकाच टाकीतलं आहे, नको.

पाड्यावर पंधरा-वीस माणसं जमली. दशरथच्या शेडमधला कांद म्हणून सगळे कौतुकाने आले होते. सोनूबाईने सगळ्या क्रेटमधून थोडे थोडे आणलेले काप तिखट-मीठ लावून परतले, नाचणीच्या भाकऱ्या केल्या. पानं मांडली. पण कोणी हात लावेना.

"कोनी धुवला?" सोनूबाईने विचारलं.

"मशीननं, आये," दशरथ म्हणाला. "मी लावला होता."

"मंग आदी कोन खानार?"

दशरथ पुढे झाला. तो म्हणाला, मी खातो, तुम्ही थांबा. मी घड्याळाकडे बघितलं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"अहो सोनूबाई, धुतलं मशीननं. आता मशीनला जेवायला बसवायचं का?"

सगळे हसले. पाहुणीचा मान म्हणून हसले असतील. "रिपोर्ट आलाय, काही होत नाही," मी म्हटलं आणि पहिला घास मीच घेतला. मग सगळ्यांनी खाल्लं. माझ्या पानात आलेले काप वरच्या क्रेटचे असावेत. मला काहीही झालं नाही.

विक्रमगडला गाडी बदलत असताना दशरथचा फोन आला. नऊ जणांना उलट्या होत होत्या. घसा जळतोय, चक्कर येतेय, हात थरथरतायत. पाड्यावरच्या एकाची जीप करून तो सगळ्यांना जव्हारला आणत होता. मी उलट फिरले.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर त्याला विचारत होते.

"काय खाल्लं होतं?"

"कडूकांद."

"न धुता?"

"धुतला होता. मी धुतला होता."

डॉक्टर तरुण होते, थकलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. "मी इथे आल्यापासून साप चावलेले बघितले, विहिरीत पडलेले बघितले," ते म्हणाले. "कडूकांदाची केस पहिल्यांदा बघतोय. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तो खातात हो. यांच्याकडून कधी चूक होत नाही."

सोनूबाईची तब्येत सगळ्यांत जास्त बिघडली होती. शिल्लक राहिलेलं वाया जाऊ नये म्हणून तिने नंतरही खाल्लं होतं. सलाईन लावलेला हात दशरथने दाबून धरला होता, कारण त्याची थरथर थांबतच नव्हती. तिने डोळे उघडले आणि त्याला विचारलं.

"उलथवला नाय का रं?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाय, आये."

"का रं?"

"ऱ्हायला," तो म्हणाला.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. पण आजूबाजूला पाड्यावरची माणसं होती, आजारी होती, आणि मी घाबरले. हे साधं कारण आहे. नंतर मी त्याला बरीच मोठी कारणं शोधली.

सगळे वाचले. आठ जण दोन-तीन दिवसांत घरी गेले, सोनूबाई सर्वांत शेवटी गेली. दशरथने आणि मी मोखाड्याच्या शेडमध्ये जाऊन उरलेला माल तपासला. मधला क्रेट पालथा केला तर काप सुटे पडले नाहीत. अख्खा गोळा धपकन खाली आला, आत अजून पिवळट. त्यातलं सँपल मशीनवर लावलं. आकडा न धुतलेल्या कांदाच्या जवळचा होता. दशरथने तो लॉगबुकमध्ये नीट लिहिला, खाली रेघ ओढली. माझ्या लाल रेघांचं पान त्याच वहीत, थोडं आधी होतं. त्याने ते उघडलं नाही.

कॉलेजने चौकशीसाठी मीटिंग बोलावली. विभागप्रमुख, दोन प्राध्यापक, मी आणि दशरथ. समोर टाइप केलेली एस.ओ.पी. होती, ज्यात खोडलेल्या पायऱ्या अर्थातच नव्हत्या.

"एस.ओ.पी. कोणाची?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"माझी, सर," दशरथ म्हणाला.

"माल उलथवणं, प्रत्येक क्रेटचं सँपल घेणं, हे साधे मुद्दे लक्षात आले नाहीत?"

"नाही आले, सर."

"आणि लोकांना खाऊ घालायचं कोणी ठरवलं?"

"पाडा माझा आहे. मीच बोलावलं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी म्हटलं, "मुलगा मेहनती आहे. त्याच्याकडे सहानुभूतीने बघावं." त्या खोलीत तेव्हा याहून नीच वाक्य दुसरं कोणी बोललं नसतं. त्याच्या चुकीची क्षमा मी मागत होते आणि चूक माझी होती. त्याने मान खाली घातली. मला वाटतं, माझ्यासाठीच त्याला ओशाळं झालं असावं.

निर्णय झाला. विषय रद्द, काम रद्द, नवीन विषय घेऊन पुन्हा सुरुवात. म्हणजे वर्ष गेलं. शिवाय 'विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा' असा शेरा फाइलला लागला. दशरथने लॅबमधली आपली कपाटाची किल्ली दिली, लॉगबुक नियमाप्रमाणे माझ्या टेबलावर ठेवलं आणि गावी गेला.

लॉगबुक तीन आठवडे टेबलावर पडून होतं. मी त्यावर पेपर ठेवायचे, चहाचा कप ठेवायचे. शेवटी एका सोमवारी ते पान उघडून मी विभागप्रमुखांपुढे ठेवलं. माझी रेघ, माझी सही, माझी तारीख.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे तेव्हा का नाही दाखवलं?"

"हिंमत झाली नाही."

"हे म्हणजे वरातीमागून घोडं झालं, मॅडम."

पण माणूस सरळ. त्यांनी मीटिंग पुन्हा घेतली. शेरा काढला, नव्या विषयासाठी मुदत वाढवून वर्ष वाचवलं, दशरथला दुसरा गाइड दिला. माझं गाइडचं काम बंद केलं. मी राजीनामा लिहून नेला होता, तो त्यांनी घेतला. सगळं पत्रावर आलं. पत्र पोस्टाने जाणार होतं, पण मी त्याची प्रत घेऊन मोखाड्याला गेले. मनात असं होतं की हे पत्र दिलं की काहीतरी हलकं होईल.

आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. तो स्टँडवर आला. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. त्याने पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

"थँक्यू, मॅडम."

"तू मीटिंगमध्ये का नाही सांगितलंस? लॉगबुक तुझ्याच हातात होतं."

"तुम्ही सांगाल असं वाटलं होतं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "दवाखान्यात पण वाटलं होतं."

मी म्हटलं, "हे पत्र पाड्यावर दाखव. त्यांनाही कळू दे, चूक तुझी नव्हती."

"ते वाचून काय करतील? त्यांनी दवाखान्यात माझ्या तोंडून ऐकलंय." तो बाजाराकडे बघत होता. "कोणी काही बोलत नाही मॅडम. चांगलंच वागतात. पण परवा लग्नात मी वाढायला उभा राहिलो. भात घेऊन पंगतीत फिरलो. म्हाताऱ्यांनी पानावर हात आडवा धरला. पोट भरलंय म्हणाले. अजून पहिलंच वाढप होतं."

"आणि आई?"

"आई आता कांद काढायला जात नाही. हात थरथरतो, काप पातळ होत नाहीत म्हणते. बायकाही विचारायला येत नाहीत. पोरींनी तर सोडूनच दिला. म्हणतात, कांद बाधतो, शिकलेल्यांना पण जमला नाही."

तो कॉलेजला परत आला. सॉल्व्हंट रिकव्हरी घेतली, चांगल्या मार्कांनी एम.टेक. झाला. आता गुजरातमधल्या एका कारखान्यात आहे. दिवाळीला मला मेसेज करतो. पाड्यावर फारसा जात नाही. मी एकदा कारण विचारलं, तर सुट्टी मिळत नाही म्हणाला.

मी अजून अधूनमधून तरुण इंजिनिअरांसमोर बोलायला जाते. त्यांना दोन गोष्टी सांगते. सँपल सोयीच्या जागेवरून घेऊ नका, ही पहिली. ती ते लिहून घेतात. दुसरी सांगितली की पेनं थांबतात. चूक आपली असेल तर ती पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा. तीन आठवड्यांनी सांगितली, तर तिचा उपयोग फक्त सांगणाऱ्याला होतो.